ड्युअल चॅनल एबीएस, दसऱ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

गाडी बजाज पल्सर एनएस २००, दसऱ्याला घेतली. इंजिन, मायलेजवर बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून मी फक्त ब्रेकवर लिहितोय, म्हणजे एबीएसवर (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, ड्युअल चॅनल म्हणजे ती दोन्ही चाकांना), आमच्या कराड भागात खरी गरज त्याचीच. कारखाने सुरू झाले की रस्त्यावर पाचट पडलेलं असतं, ट्रॅक्टरच्या टायरनं शेतातला चिखल डांबरावर आणलेला असतो आणि अंधार पडल्यावर मागे रिफ्लेक्टरसुद्धा नसलेली ट्रॉली एकदम पुढ्यात येते.

हंगामात एकदा असंच झालं, पुढच्या ट्रॉलीनं हात न दाखवता उजवीकडे वळायला घेतलं, मी साठच्या आसपास होतो आणि खाली पाचट. दोन्ही ब्रेक जोरात दाबले. लिव्हर बोटाखाली थरथरायला लागला, पायाखाली पण खटखट, पण गाडी सरळ राहिली आणि ब्रेक दाबलेलाच असताना डावीकडे घेऊन ट्रॉलीच्या मागून काढता आली. माझ्या मते एबीएसचा खरा फायदा हाच, चाक लॉक होऊन घसरायला लागलं की गाडी वळवायला टायरला ग्रिपच उरत नाही, मग हँडल कितीही फिरवा. आणि पुढचं चाक लॉक झालं तर माणूस सरळ खाली.

आत काय होतं ते पण सांगतो, डिस्कजवळ खाचा असलेली एक रिंग असते आणि तिच्या शेजारी सेन्सर. चाक किती वेगात फिरतंय ते सेन्सर सतत कंट्रोल युनिटला सांगतो, आणि गाडी पळतीये पण चाक एकदम मंदावतंय असं दिसलं की युनिट आधी त्या चाकाकडं जाणारं ऑइल बंद करतं, तरी चाक अडकतच असेल तर दुसरा व्हॉल्व्ह उघडून प्रेशर कमी करतं, चाक फिरायला लागलं की परत प्रेशर देतं. हे सेकंदाला कित्येक वेळा होतं आणि तीच थरथर आपल्या बोटांना लागते. आमच्याकडे काही पोरं ती थरथर आली की काहीतरी तुटलं समजून लिव्हर सोडतात!! सोडू नका, गच्च धरून ठेवा. नवीन गाडी घेतल्यावर मोकळ्या मैदानात मुद्दाम जोरात ब्रेक मारून ही थरथर एकदा अनुभवाच.

हे तंत्र आलं विमानांतनं. डनलॉप कंपनीचं मॅक्सरेट नावाचं असलंच यंत्र १९५० च्या दशकात विमानांच्या चाकांना होतं, आणि १९५८ मध्ये इंग्लंडच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीनं तेच एका रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑरवर लावून टेस्ट केलं, ओल्या रस्त्यावर चांगला फरक दिसला तरी एनफिल्ड कंपनीनं ते विक्रीच्या गाडीत आणलं नाही. मला हे वाचून खरंच हळहळ वाटली. पुढं १९७८ ला बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं आणि मोटरसायकलला १९८८ ला, बीएमडब्ल्यू के १०० वर, तेव्हा त्या सिस्टीमचं वजन ११ किलोच्या आसपास होतं, आता युनिट किलोभराच्या आत बसतं. भारतात २०११ ला टीव्हीएसच्या अपाची आरटीआर १८० ला मिळालं, आणि १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना सक्ती झाली एप्रिल २०१९ पासून.

सिंगल चॅनलमध्ये फक्त पुढचं चाक सांभाळलं जातं, मागचं लॉक होऊ शकतं, त्यामुळे परवडत असेल तर ड्युअलच घ्या.

आता जिथं कमी पडतं ते. मुरमाच्या, सुट्या खडीच्या रस्त्यावर गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागतं, कारण लॉक झालेलं चाक पुढं खडीचा ढीग करून अडतं आणि एबीएस तसं होऊ देत नाही. शेताच्या रस्त्याला मी स्पीडच कमी ठेवतो. आणि घाटात गाडी झुकलेली असताना या साध्या एबीएसच्या भरवशावर राहू नका, ब्रेक वळणाच्या आधीच मारायचा.

मेंटेनन्स फार नाही. एकदा पंक्चर काढताना एका दुकानात मागची रिंग वाकवली गेली आणि एबीएसचा लाईट पेटूनच राहिला, रिंग बदलल्यावर गेला. तेव्हापासून चाक काढताना मी शेजारी उभा राहतो. पावसाळ्यात सेन्सरवरचा चिखल पाण्यानं धुवायचा, ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलायचं. चावी फिरवली की तो लाईट लागतो आणि गाडी थोडी पुढं गेली की विझतो, सेकंडहँड घेत असाल तर हे नक्की बघा, चावी फिरवल्यावर लाईट लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो.