सांगली ते दिल्ली, विमान सोडून रेल्वे धरली त्याचा अनुभव (मोठं आहे, निवांत वाचा)

मागच्या दिवाळीपासून कामासाठी दिल्लीला जाताना मी विमान बंद केलंय. रेल्वेनंच जाते. ऑफिसात आणि नात्यात सगळे एकच विचारतात, अगं दोन रात्री कशाला घालवतेस? म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेल्सला आहे, कस्टमर फरिदाबाद आणि नोएडाकडं, त्यामुळं दिल्लीच्या खेपा सुटत नाहीत.

आधी वेळेचं बोलू कारण सगळे तिथंच अडतात. दोन तासांची फ्लाइट आहे म्हणतात, पण ती पुण्यातून, सांगलीतून नाही. सकाळी बस धरायची, हायवेचं काम, खंबाटकी, मग पुण्याचं ट्रॅफिक पार करून लोहगाव, तिथं दोन तास आधी पोचायचं, दिल्लीत उतरलं की परत कॅब. आणि मीटिंग सकाळी दहाची असली तर हे सगळं आदल्या दिवशीच करावं लागतं आणि रात्र हॉटेलात काढावी लागते. म्हणजे विमानानं गेलं तरी एक अख्खा दिवस गेलाच की! गोवा एक्सप्रेसला मी मिरजेला रात्री बसते, पुणं झोपेतच येऊन जातं, एक दिवस गाडीत, आणि त्यानंतरच्या सकाळी निजामुद्दीन. हॉटेलची एक रात्र वाचते. हिशेब केला तर जातो तो एक दिवस, दोन नाहीत.

आणि तो दिवस मला वाया गेल्यासारखा वाटत नाही. सकाळी मनमाड, मग जळगाव-भुसावळकडं केळीच्या बागा, खंडवा, संध्याकाळी इटारसी सुटली की नर्मदेचा पूल. रिपोर्ट, कोटेशन, राहिलेले मेल असली कामं मी या दिवसासाठीच ठेवते. फक्त व्हिडिओ कॉल ठेवू नका, मध्य प्रदेशात मधल्या मधल्या पट्ट्यात नेटवर्क जातंच. साहेबांना पहिल्यांदा हे पटत नव्हतं, त्यांचं म्हणणं प्रवासाचा दिवस म्हणजे सुट्टी. मी म्हटलं, मग पुण्याच्या बसमधला आणि विमानतळावरचा दिवस कशात धरता? आता गाडीतला दिवस कामाचा धरतात.

आता मुख्य कारण. ब्रिटन सरकार प्रवासाच्या कार्बन उत्सर्जनाचे आकडे काढतं, त्यातल्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणं देशांतर्गत विमानात माणशी किलोमीटरला २४६ ग्रॅम आणि रेल्वेत ३५ ग्रॅम. पुणे-दिल्ली हवाई अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका बाजूला जवळपास ३०० किलो. रेल्वेचा रस्ता लांबचा, मिरजेपासून साधारण १९०० किलोमीटर धरले तरी ६५-७० किलो. जाऊन येऊन साडेचारशे किलोच्या वर फरक पडतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे एका दिल्ली खेपेत दहा-अकरा सिलिंडर वाचले! घरात गॅस बारीक करून, लाइट बंद करून वर्षभरात एवढं होत नाही हो. आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडं गाड्या वेगळ्या आणि वीज जास्त करून कोळशाची, हे मान्य, पण आपल्या गाड्या भरलेल्या असतात, पुणे-मिरज लाइनही आता विजेवर आलीय, आणि पुढं सोलरची वीज वाढेल तशी तीच गाडी आणखी स्वच्छ होत जाईल. विमानाच्या इंधनाचं एवढ्यात तसं काही होताना दिसत नाही.

कुणी म्हणतं तू एकटीनं जाऊन काय होणार. विमानातून जाणारे मुळात थोडे आहेत. २०१८ साली जगातल्या ११ टक्के लोकांनीच विमानप्रवास केला असा एका संशोधनातला अंदाज आहे, आणि विमानांचं निम्मं उत्सर्जन एक टक्का लोकांचं. म्हणजे कंपनीच्या पैशानं सारखं उडणारे आपल्यासारखेच त्यात जास्त मोजायला लागतात. फ्रान्सनं तर २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेनं पोचता येतं अशा काही मार्गांवरची विमानं बंदच केली. आणि आपण सांगलीचे, २०१९ ला आणि परत २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात शिरलेलं बघितलेले. हवा एक डिग्रीनं तापली की साधारण सात टक्के जादा बाष्प धरते, मग पाऊस पडतो तो असा कोसळून पडतो. जून उजाडला की आयर्विन पुलाची पातळी बघत बसायचं आणि जुलैत दोन मीटिंगसाठी विमान पकडायचं, हे मला आता जमत नाही.

त्रास नाही असं अजिबात म्हणणार नाही. तिकीट ही सगळ्यात मोठी डोकेदुखी. नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग ६० दिवस आधीच उघडतं आणि मधल्या स्टेशनच्या कोट्यात बर्थ कमी, त्यामुळं वेटिंग लवकर लागतं आणि कन्फर्म व्हायला अवघड जातं. तारीख ठरली की त्या दिवशी सकाळी आठला बसूनच तिकीट काढायचं, सुट्ट्यांच्या सीझनला तर दुसरा इलाज नाही. गाडी लेट होते हे धरूनच चाला, पोचल्यावर पहिली मीटिंग दुपारी ठेवा. दुसऱ्या रात्रीपर्यंत टॉयलेटकडं जावंसं वाटत नाही, हे बायकांना जास्त जाणवतं, सॅनिटायझर आणि पेपर सोप जवळ ठेवा. थर्ड एसीत मी अपर बर्थच घेते, दिवसा कुणी उठवत नाही आणि बॅग डोक्याशी राहते. एकटीनं जाताना भीती वाटली असं आजवर झालं नाही.

डब्यात बहुतेक वेळा विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले भेटतात. सोन्या-चांदीच्या कामासाठी ही माणसं पिढ्यानपिढ्या देशभर पांगलीत आणि गावाकडं येणंजाणं रेल्वेनंच. त्यांच्यासाठी दिल्ली लांब नाही. एका मावशींनी मला भाकरी कापडात कशी बांधायची म्हणजे दुसऱ्या दिवशीपर्यंत कडक होत नाही ते दाखवलं, तेव्हापासून गाडीतलं जेवण मी एकवेळच घेते.

घरात कुणी आजारी असेल किंवा उद्याच पोचायचं असेल तर विमानच घ्या, मीही घेईन. पण महिनाभर आधी ठरलेली मीटिंग, ट्रेनिंग, लग्न, फिरायला जाणं, यासाठी एकदा रेल्वे करून बघा. बेंगळुरूला जाणाऱ्यांना तर आणखी सोपं, राणी चन्नम्मा दुपारी धरली की सकाळी बेंगळुरू, तिथं विमानानं काहीच वाचत नाही. आणि आपल्या खासदारांकडं कुणी जाणार असेल तर कोल्हापूर-निजामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदाच आहे ती रोजची करा म्हणून अर्ज द्यायचाय, मी लिहून ठेवलाय, सह्या पाहिजेत.