शाडूच्या मूर्तीसाठी खरा समुद्री स्पंज

आम्ही शाहूपुरी कुंभार गल्लीत शाडूच्या मूर्ती करतो. यंदा फोमऐवजी खरा समुद्री स्पंज घेतला, ६५० रुपयांना. दुकानदारानं 'धुतलेला आहे' म्हणून दिला, पण बादलीत पिळल्यावर तळाला चमचाभर वाळू बसली. तसाच फिरवला असता तर बाप्पाच्या गालावर ओरखडे नक्की. एवढे पैसे घेतल्यावर माल स्वच्छ करून द्यायला हवा.

बाकी स्पंज अस्सल. ओला केला की लोण्यासारखा मऊ, बोटांचे ठसे अलगद पुसतो, पाणी टपटपत नाही. हातात धरून नीट बघा: अंगभर बारीक छिद्रं आणि वर दोन मोठी भोकं. स्पंज हा समुद्रातला प्राणी. हा जिवंत होता तेव्हा पाणी छिद्रांतून आत जायचं, भोकांतून बाहेर पडायचं. आतल्या पेशींच्या चाबकासारख्या शेपट्या सतत हलून पाणी ओढतात. शेपटीभोवतीच्या गाळणीत जिवाणू, सूक्ष्म कण अडकतात. तेच जेवण. तोंड नाही, पोट नाही! आपल्याला मिळतो तो फक्त स्पाँजिनचा, म्हणजे मऊ तंतुमय प्रथिनाचा सांगाडा. खोल समुद्रातल्या काचस्पंजांचा सांगाडा सिलिकाचा, म्हणजे काचेसारखा कडक, म्हणून तो आमच्या कामाचा नाही. खोल समुद्रातल्या स्पंजांच्या दुसऱ्या काही जाती तर गाळणं सोडून बारीक कवचधारी जीव आकड्यांनी पकडतात. हे १९९५ साली उजेडात आलं.

काम झालं की गार पाण्यात धुवून सावलीत वाळवा. उकळत्या पाण्यात घालू नका, आक्रसतो. गणपतीच्या हंगामाआधी दुसरा घेणार आहे, दुकानातच पिळून बघून.