डार्क एंजल: 'डार्कनेस डिसेंड्स' घ्यावा की 'टाइम डझ नॉट हील'?

स्लेयर, क्रिएटर वगैरे थ्रॅश मेटल (वेगवान, आक्रमक हेवी मेटल) बँड पचवून झाले की माणूस कधी ना कधी डार्क एंजल या अमेरिकन थ्रॅश बँडकडे वळतो आणि तिथे हा प्रश्न पडतोच. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: १९८६चा 'डार्कनेस डिसेंड्स'. १९९१च्या 'टाइम डझ नॉट हील'चं नाव निघालंच तर "हो, तोही आहे" एवढ्यावर विषय संपतो.

'डार्कनेस'ला नावं ठेवायची माझी टाप नाही. सात गाणी, पस्तीसेक मिनिटं आणि बँडसोबत ड्रमर जीन होग्लनचा पहिलाच अल्बम. ड्रम्सचा तो मारा आजही दम काढतो. पहिल्या गाण्यात ब्रिटिश कॉमिकमधला जज डेथ येतो, अख्ख्या शहराला दोषी ठरवतो आणि शिक्षा ठोठावून मोकळा होतो. गायक डॉन डोटी गात नाही, बोंबलतो, पण या गाण्यांना दुसरं काही शोभलंही नसतं.

माझं घोडं अडलं ते गिटारपाशी. कानाने ऐकून रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, उचलायचा मला नाद आहे. 'द बर्निंग ऑफ सोडम' उचलायला बसलो की दोन्ही गिटार खिचडीसारख्या एकमेकींत मिसळलेल्या. पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून काढलेला दबका आवाज) कुठे सुटला, तार उघडी कुठे वाजली, काही पत्ता लागत नाही. वेग निम्मा करून ऐकलं, तर तोच गोंगाट सावकाश ऐकू येतो. हेडफोन बदलले, इक्वलायझर हवा तसा पिळला, व्यर्थ. काहींच्या मते हा गढूळपणाच अल्बमची शान आहे. असेलही. पण आत जबरदस्त रिफ आहे हे कळतंय आणि तो हाती लागत नाही, याने माझं डोकं उठतं.

'टाइम डझ नॉट हील'चा निर्माता टेरी डेट, आदल्याच वर्षी पँटेरा या मेटल बँडचा 'काउबॉइज फ्रॉम हेल' करून आलेला. इथे पिकचा प्रत्येक फटका कोरडा आणि सुटा ऐकू येतो. एरिक मायर आणि ब्रेट एरिक्सन हे दोघे गिटारवादक कुठे एकत्र आहेत, कुठे फुटलेत, तेही कळतं. कव्हरवर स्टिकर होता: ९ गाणी, ६७ मिनिटं, २४६ रिफ. मी काही मोजत बसलो नाही, पण आकडा नुसती जाहिरातबाजी वाटत नाही. एखादा रिफ आवडेआवडेपर्यंत पुढचा दारात उभा.

आता खोट. ६७ मिनिटं एका बैठकीत मला झेपत नाहीत. शब्द होग्लनचे, विषय बालपणीचे अत्याचार, मनावरचे आघात, अपराधगंड. ऐकायला जड, शिवाय ओळी इतक्या लांबलचक की इथला गायक रॉन राइनहार्टला श्वास घ्यायला जागा नाही. चालही बहुतेक वेळा तीच ती. गायकीवर जीव असेल, तर हा अल्बम कदाचित तुमच्यासाठी नाही. तो मागे पडला त्यात काळाचाही हात असावा. त्याच वर्षी मेटॅलिकाने काळ्या अल्बमवर वेग उतरवला, आणि हे गडी आणखी लांब, आणखी गुंतागुंतीची गाणी घेऊन आले. पुढच्या वर्षी बँडही फुटला.

डोक्यातली वाफ काढायची असेल, तर 'डार्कनेस' घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. पण घरात गिटार असेल किंवा गाणं उलगडत ऐकायची सवय असेल, तर मी आपला 'टाइम'कडे बोट दाखवीन. फक्त पहिल्या दिवशी पूर्ण लावू नका. अल्बमच्याच नावाचं पहिलं गाणं, मग 'द न्यू प्रिस्टहूड', मग 'ट्रॉमा अँड कथार्सिस'. बाकीची सहा सवडीने.