व्हिटॅमिन सी, बाकुचिऑल की ग्रीन टी? चेहऱ्यासाठी पैसे कशावर घालावेत

डोळ्यांच्या कडेला रेघा दिसू लागल्या किंवा गालावर वांगाची छटा आली की ऑनलाइन शोध सुरू होतो आणि समोर तीन जातीच्या बाटल्या येतात. एक व्हिटॅमिन सीचं सीरम, दुसरं 'नैसर्गिक रेटिनॉल' (रेटिनॉल म्हणजे सुरकुत्यांवर लावतात ते व्हिटॅमिन ए) म्हणून खपणारं बाकुचिऑल आणि तिसरी ग्रीन टी, हळद, आवळा अशी नावं मिरवणारी क्रीम्स. तिन्हींवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द ठळक असतो. काम मात्र तिघांचं एक नाही, आणि पुरावा तर अजिबातच सारखा नाही.

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे त्वचेत फ्री रॅडिकल्स नावाचे अस्थिर रेणू तयार होतात आणि ते त्वचेला घट्ट ठेवणाऱ्या कोलॅजेनची नासधूस करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना आधीच गाठतात, म्हणजे हे मुख्यतः पुढचं नुकसान टाळण्याचं काम झालं. पडलेली सुरकुती त्याने इस्त्री केल्यासारखी सपाट होत नाही.

या कामात व्हिटॅमिन सी सगळ्यांत भरवशाचं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात शेल्डन पिनेल यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल (म्हणजे शुद्ध व्हिटॅमिन सी) त्वचेत मुरायला द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) ३.५ च्या खाली हवा, आणि २० टक्क्यांच्या वर प्रमाण वाढवून फायदा वाढत नाही. म्हणजे ३० टक्क्यांची महागडी बाटली घेण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये याच गटाने १५ टक्के सी आणि १ टक्का ई यांच्या जोडीला अर्धा टक्का फेरुलिक आम्ल घातलं. तांदळाच्या कोंड्यात आणि इतर धान्यांत असतं तेच हे आम्ल. उन्हापासूनचं संरक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं. हे दोन्ही प्रयोग डुकराच्या त्वचेवरचे आहेत हे लक्षात ठेवून वाचावं, पण सी, ई आणि फेरुलिक हे त्रिकूट त्यानंतर बाजारात रुजलं ते उगाच नाही. 'वनस्पतीजन्यच हवं' असा हट्ट असेल तर एक सांगायला हवं: लेबलवर संत्र्याचं चित्र असलं तरी आतलं व्हिटॅमिन सी बहुधा ग्लुकोजपासून कारखान्यात बनलेलं असतं. त्वचेला त्याने फरक पडत नाही.

फरक पडतो तो आपल्या हवेने. व्हिटॅमिन सी उष्णता, उजेड आणि हवा लागली की खराब होतं. ताजं सीरम पाण्यासारखं किंवा फिकट पिवळसर असतं. ते कोऱ्या चहाच्या रंगावर आलं, बोटांना आणि नखांना तपकिरी डाग पडू लागले, की ते संपलं म्हणायचं. विदर्भातल्या मे महिन्यात खिडकीशेजारच्या कपाटावर ठेवलेल्या बाटलीची खात्री मी तरी देणार नाही. गडद काचेची, लहानातली लहान बाटली घ्यावी आणि फ्रिजच्या दारात ठेवावी. आणि आम्लच ते, त्यामुळे नाजूक त्वचेला चुणचुणतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो. वांग घालवायला गेलो आणि डाग वाढवून आलो, असं व्हायला नको.

बाकुचिऑलची गोष्ट वेगळी, आणि थोडी आपल्या घरचीही. हे बावचीच्या बियांतून मिळतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव, गोवर्धन मेहता आणि यू. आर. नायक यांनी १९६६ मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. ते सौंदर्यप्रसाधनांत गाजायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. ते अँटिऑक्सिडंट आहेच, शिवाय त्वचेवर रेटिनॉलसारखा परिणाम करतं. ४४ जणांवर १२ आठवडे झालेल्या एका चाचणीत एका गटाला अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा, दुसऱ्याला अर्धा टक्का रेटिनॉल एकदा दिलं. सुरकुत्या आणि डाग दोन्हीकडे जवळपास सारखेच कमी झाले, पण पापुद्रे निघणं आणि चुणचुण रेटिनॉलच्या गटात जास्त होती. चाचणी छोटी आहे, तरी रेटिनॉल न सोसणाऱ्यांसाठी ही चांगली बातमी. लावायला जरा तेलकट, म्हणून रात्रीच बरं. गरोदरपणात रेटिनॉल बंद म्हणून अनेकजणी इकडे वळतात, पण 'सुरक्षित' असं ठाम म्हणण्याइतका अभ्यास झालेला नाही, डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

इथे एक धोक्याचा कंदील. बाकुचिऑल महाग वाटलं म्हणून काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीचं तेल आणून चेहऱ्याला चोळू नका. बावचीत सोरालेनही असतं, आणि त्याने त्वचा उन्हाला भलतीच संवेदनशील होते. कोडावरच्या उपचारात याच गुणाचा वापर देखरेखीखाली करतात. घरी केलात तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. सीरममध्ये शुद्ध केलेलं बाकुचिऑल असतं, त्याची आणि या तेलाची तुलनाच नको. लिंबाच्या रसालाही हेच लागू, तो लावून उन्हात जाणं म्हणजे डागांना आवतण.

ग्रीन टीबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेत तिचे गुण चांगले दिसतात. पण ४० स्त्रियांना ८ आठवडे १० टक्क्यांचं क्रीम आणि सोबत गोळ्या देऊन पाहिलं, तेव्हा त्वचेच्या नमुन्यात सूक्ष्मदर्शकाखाली थोडी सुधारणा दिसली, चेहऱ्यावर डोळ्यांना दिसेल असा फरक नाही. मॉइश्चरायझरमध्ये आयती असेल तर असू द्या, तिच्यासाठी वेगळे पैसे नकोत. हळदीचं तेच. पिवळं करणारं कर्क्युमिन उजेडात खराब होऊन जातं, उशीचा अभ्रा मात्र रंगतो. 'आवळा' लिहिलेल्या क्रीममध्ये तो घटकांच्या यादीत अगदी शेवटी, सुगंधाच्या आसपास असेल, तर तो नावापुरताच.

या तिघांच्या आधी सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोरला ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा मर्जीनुसार लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी म्हातारी झाली. त्याच प्रयोगात गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा त्वचेच्या वयावर काही परिणाम दिसला नाही.

तेव्हा बजेट एकाच वस्तूचं असेल तर सनस्क्रीन घ्या. वांग असेल तर रंगछटा असलेलं, कारण त्यातलं आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. दुसरी वस्तू परवडत असेल आणि त्रास डागांचा, निस्तेजपणाचा असेल, तर सकाळी सनस्क्रीनच्या आधी सी-फेरुलिक. त्रास सुरकुत्यांचा किंवा त्वचा चटकन लाल होणारी असेल, तर रात्री बाकुचिऑल. दोन्ही एकदम सुरू करू नका, नाहीतर पुरळ आली की कोणामुळे ते कळणार नाही. आठवडाभर कानामागे लावून बघायचं आणि मगच गालाकडे यायचं.