शिडं फोटोपुरती, बाकी सगळं इंजिन: लाबुआन बाजोच्या पिनिसी सफरीबद्दल

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पश्चिम टोकाला लाबुआन बाजो नावाचं बंदर आहे. तिथून पिनिसी नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या लाकडी बोटीवर चढायचं, तिच्यावरच जेवायचं-झोपायचं आणि कोमोडो राष्ट्रीय उद्यानातली बेटं बघत फिरायचं, अशी ही सफर. बालीहून विमानाने तासाभरापेक्षा थोडं जास्त अंतर, त्यामुळे बालीला जाणारे बरेच जण ही जोडून घेतात. सफर घ्यावी का? जरूर घ्यावी. पण जाहिरातीत जे दिसतं त्याच्यासाठी नव्हे.

जाहिरातीत सातही शिडं वाऱ्याने फुगलेली असतात. पिनिसी हे नाव मुळात या शिडांच्या मांडणीचं: पुढे तीन तिकोनी, दोन डोलकाठ्यांवर एकेक मोठं आणि त्या दोन्हींच्या वर एकेक छोटं. मोठी शिडं पडद्यासारखी वरच्या तिरक्या वाशावरून ओढून उघडतात आणि तशीच डोलकाठीकडे ओढून मिटतात. बघायला देखणा प्रकार. मात्र तीन दिवसांच्या नेहमीच्या सफरीत ती उघडलीच, तर पंधरा-वीस मिनिटं, ड्रोनवाल्याची सोय म्हणून. इंजिन खाली धडधडतच असतं. याला कारणं आहेत. बेटांच्या मधल्या पट्ट्यांत वारा कधी पडतो, कधी डोंगराआडून झपकन येतो; शिडं सांभाळायला जितके खलाशी लागतात तितके पर्यटकांच्या बोटीवर नसतात; आणि 7-8 नॉटच्या (ताशी 13-15 किलोमीटर) वेगाने ठरलेली सगळी ठिकाणं उरकायची तर इंजिनाला पर्याय नाही. काही बोटींच्या डोलकाठ्या तर केवळ शोभेच्या असतात, शिडंच नसतात. खरोखर शिडावर चालायचं असेल तर अख्खी बोट भाड्याने घ्या, जून ते ऑगस्टमधल्या आग्नेयेच्या वाऱ्याचे दिवस धरा आणि रोज किती तास शिडावर चालणार हे करारात लिहून घ्या. तोंडी ‘हो हो’ला अर्थ नाही.

बोट म्हणून ही चीज मात्र अस्सल. दक्षिण सुलावेसीतल्या बुलुकुंबा भागात, ताना बेरूच्या किनाऱ्यावर वाळूतच या बोटी बांधल्या जातात. तिथल्या कोंजो कारागिरांची रीत अशी, की आधी बाहेरच्या फळ्या लाकडी खुंट्यांनी एकमेकींना जोडत बोटीचा आकार उभा करायचा आणि मग आतून फासळ्या बसवायच्या. फटींमध्ये झाडाच्या सालीचे पापुद्रे ठोकतात, ते पाण्याने फुगून फट बंद करतात. 2017 मध्ये युनेस्कोने ही कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

अडचण पुढे सुरू होते. हा सांगाडा मूळचा मालवाहू. पोटात माल भरला की बोट खाली बसते, स्थिर राहते. पर्यटनासाठी त्याच सांगाड्यावर केबिनचे मजले चढतात, वर ऊन खायला गच्ची. वजन वर गेलं की बोट डोलते जास्त आणि सावरते उशिरा. या पाण्यात पर्यटकांच्या बोटी उलटल्या आहेत, वायरिंगमधून पेटल्याही आहेत. म्हणून बुकिंगच्या आधी खोलीतल्या चादरी नंतर बघा, बोटीचा बाजूने काढलेला पूर्ण फोटो आधी मागवा. मुख्य डेकवर एक मजला ठीक. दोन मजले आणि वर छत असेल, बोट अरुंद असेल, तर दुसरी बघा. सुक्या गोदीत शेवटची कधी चढवली होती, हेही विचारा. लाकडी बोटीची वर्षाकाठी एकदा तरी डागडुजी लागतेच, आणि जो मालक महिना सांगू शकत नाही त्याने ती केलेली नसण्याची शक्यता धरा. तळातलं पाणी उपसणारा पंप अधूनमधून चालू होतो, त्याने घाबरू नका. लाकडी बोटीत ते चालायचंच. तो सतत चालू राहिला तर मात्र विचारा.

चढल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी बघून घ्या. लाइफ जॅकेट केबिनमध्ये आहेत की गच्चीवरच्या पेटीत कुलुपात. खालच्या केबिनमधून बाहेर पडायला जिन्याशिवाय दुसरी वाट आहे का. आग विझवायचा सिलिंडर कुठे आहे आणि त्याची तारीख काय. बंदर कार्यालयाकडून प्रत्येक फेरीला निघण्याचा परवाना लागतो आणि त्याला प्रवाशांची यादी जोडतात. आयोजक पासपोर्टची प्रत मागतो ती त्यासाठी. मागितली नाही, तर यादीत तुमचं नाव नाही असं समजा.

केबिनच्या बाबतीत लोक एकच चूक परत परत करतात: सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली, असं धरून चालतात. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या केबिनमधून दृश्य उत्तम, पण बोट डोलली की सगळ्यात मोठा झोका तिथेच. ज्यांना बोट लागते त्यांनी खालची, मधल्या भागातली केबिन घ्यावी. अगदी पुढची नको, कारण पहाटे चारला नांगर उचलताना साखळी तुमच्या उशीपासून हातभर अंतरावर खडखडते. अगदी मागचीही नको, तिथे इंजिनाची थरथर आणि डिझेलचा वास. एसी दिवसभर चालतो की संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, हे आधी विचारा. स्वस्त बोटींवर दुसरा प्रकार असतो. गोडं पाणी टाकीतलं, म्हणजे मोजकं. दहा-बारा जणांनी पहिल्याच दिवशी केस धुतले की तिसऱ्या दिवशी नळाला बारीक धार. बोट लागू नये म्हणूनची गोळी (एव्होमिन किंवा डॉक्टर सांगतील ती) बोट हलायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नव्हे. आलेपाकही जवळ असू द्या.

आता मुख्य मुद्दा: पाण्याची ओढ. उत्तरेला फ्लोरेस समुद्र, दक्षिणेला हिंदी महासागराच्या बाजूचं पाणी, आणि मध्ये कोमोडो, पादार, रिंचा ही बेटं. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटांतून जातं. काही ठिकाणी ओढ इतकी, की पृष्ठभागावर भोवरे उठतात आणि सात नॉटची बोट जागच्या जागी रेंगाळते. याच ओढीमुळे इथलं पाणी खाद्याने भरलेलं आहे आणि पोवळी, मासे, मांटा (पंखांसारखे कल्ले पसरून पोहणारे मोठे चपटे मासे) इतके आहेत. पण पोहायला उतरणाऱ्याने तिचा हिशेब ठेवायलाच हवा. आपल्याकडे त्याची सोय भिंतीवर टांगलेली असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे छोटी, हे कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला विचारा. तोच चंद्र तिथेही आहे. घरात नवखे पोहणारे, मुलं किंवा ज्येष्ठ असतील तर कालनिर्णय बघून अष्टमी ते दशमीच्या दिवसांत सफर बसवा. मांटा बघायचेच असतील आणि पोहण्याची सवय असेल तर थोडी ओढ बरी, कारण ते वाहत्या पाण्यातलं खाद्य गाळायला येतात.

मांटा दिसतात ती जागा कारांग मकासार, ताका मकासार या वाळूच्या चिमुकल्या बेटाजवळ. इथे पोहायचं नसतं, वाहायचं असतं. छोटी बोट वरच्या अंगाला सोडते, तुम्ही प्रवाहाबरोबर जाता, ती मागून येऊन उचलते. परत उलटं पोहत यायचा प्रयत्न केला की पाच मिनिटांत दम संपतो. छोटी बोट मागे येणार नसेल, किंवा वीस जणांना एकच असेल, तर उतरू नका. मांटाला नांगी नसते, पण हात लावायचा नाही. अंगावरचं संरक्षक बुळबुळीत आवरण निघतं. मास्क शक्यतो स्वतःचा न्या. बोटीवरच्या मास्कचं रबर कडक झालेलं असतं आणि मिशीवाल्यांच्या नाकात तर हमखास पाणी जातं.

नेहमीचा कार्यक्रम असा: पहिल्या दिवशी केलोर आणि रिंचा ही बेटं, संध्याकाळी वटवाघळांचं कालोंग बेट, दुसऱ्या दिवशी पहाटे पादार, मग गुलाबी किनारा, कोमोडो, मांटा, तिसऱ्या दिवशी सियाबा किंवा कानावा बेट करून परत. दुसऱ्या दिवशी जेवढं कोंबलंय ते एका दिवसाचं नाही. पादारला साधारण आठशे पायऱ्या, वर जायला अर्धा-पाऊण तास. पहाटे पाचला चढायला लागलात तर ठीक, सातनंतर उतरणारे आणि चढणारे एकाच जिन्यावर अडकतात. तिथून खाली येऊन नाश्ता, किनारा करेपर्यंत दहा वाजतात आणि मग कोमोडो बेटावर घोरपडींच्या त्या थोरल्या भाऊबंदाला, कोमोडो ड्रॅगनला, भेटायला जाता, तेव्हा तो सावलीत पोट टेकून पडलेला असतो. हालचाल बघायची तर सकाळी सात-आठला तिथे हवं. म्हणून चार दिवस तीन रात्रींची सफर घ्या: एक पहाट पादारला, दुसरी कोमोडोच्या लोह लियांगला. जादा पैसे वसूल होतात ते इथे. जुलै-ऑगस्ट हा ड्रॅगनच्या मीलनाचा काळ, तेव्हा ते आत रानात असतात आणि कमी दिसतात.

सोबत फाट्याची काठी घेतलेला वनरक्षक असतोच, त्याच्याशिवाय फिरता येत नाही. ड्रॅगन तीन मीटरपर्यंत वाढतो, चाव्यात विष असतं आणि थोड्या अंतरासाठी माणसाला गाठेल इतका पळतो. अंगावर उघडी जखम असेल किंवा पाळी चालू असेल तर वनरक्षकाला सांगायचं. रक्ताचा वास त्यांना लांबून येतो. वनरक्षक तुम्हाला घोळक्याच्या मध्ये चालवतो, एवढंच. रिंचावर उंच पूल बांधलेत, गुडघे दुखणाऱ्यांना सोयीचे, पण रानात चालल्यासारखं वाटत नाही. दोन्हींतलं एकच करायचं तर कोमोडो.

गुलाबी किनारा फोटोत दिसतो तितका गुलाबी नाही. लाल कवचाच्या सूक्ष्म जिवांचे तुकडे पांढऱ्या वाळूत मिसळून तो रंग येतो, आणि तो ओल्या वाळूच्या पट्ट्यात, चढत्या उन्हात दिसतो. कालोंगला मात्र जाहिरात कमी पडते. सूर्य बुडाला की खारफुटीतून हजारो मोठी वटवाघळं निघतात आणि फ्लोरेसच्या दिशेने डोक्यावरून जातात, बराच वेळ. तेवढ्यात जनरेटर बंद ठेवायला सांगा. बहुतेक कप्तान ऐकतात.

जेवणाबद्दल मांसाहारी लोकांची तक्रार नसते: भाजलेला ताजा मासा, नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात, दुपारी चारला गरम केळ्याची भजी. शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि तोफू भरपूर मिळतात, पण सांबल म्हणजे मिरचीच्या चटणीत बहुधा तेरासी असते, ती वाटलेल्या सुकवलेल्या कोळंबीची. सोबतचे पांढरे पापड, क्रुपुक, तेही बहुधा कोळंबीचे. भाजीत चिकनची पावडर किंवा कालवांचा सॉस पडतो, आणि आचाऱ्याच्या मते ती तरीही भाजीच असते. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. कागदावर लिहून द्या: तानपा दागिंग, तानपा आयाम, तानपा इकान, तानपा उदांग, तानपा तेरासी. म्हणजे मांस, चिकन, मासे, कोळंबी आणि तेरासी नको. अंडं नको असेल तर तानपा तेलुर. कढई वेगळी मिळेल ही अपेक्षा सामायिक बोटीवर ठेवू नका. लसणाची चटणी, मेतकूट आणि लोणच्याची बाटली न्या. भात तीनही वेळा मिळतो.

खर्चाचं बोलायचं तर 1 लाख रुपिया म्हणजे ढोबळमानाने पाचशे रुपये. सामायिक बोटीवर तीन दिवसांचे माणशी साधारण 25 ते 40 लाख रुपिया पडतात, चांगल्या केबिनला त्याहून बरेच जास्त. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर अख्खी मधल्या दर्जाची बोट माणशी तेवढ्यातच पडते आणि कार्यक्रम तुमच्या हातात येतो. उद्यानाचं तिकीट दरात धरलंय का, हे दरवेळी विचारा. परदेशी पाहुण्यांना ते दिवसाप्रमाणे लागतं आणि बरेच आयोजक ते बाहेर ठेवून दर कमी दाखवतात. 2022 मध्ये तर ते 37.5 लाख रुपियांवर न्यायचा घाट होता, स्थानिक लोकांनी संप-निदर्शनं केल्यावर मागे घेतला. भारतीयांना आगमनावर व्हिसा 5 लाख रुपियांना, 30 दिवसांचा. बालीमार्गे गेलात तर बालीचा दीड लाख रुपियांचा पर्यटक कर वेगळा. बक्षिशी शेवटच्या दिवशी सगळ्यांसाठी एकत्र, कप्तानाच्या हातात. रोख बंदरावरूनच काढून न्या.

एप्रिल-मे सगळ्यात चांगले: डोंगर अजून हिरवे, पाणी शांत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डोंगर करपलेले पण समुद्र बरा. डिसेंबर ते फेब्रुवारीत वायव्येचा पाऊस-वारा. बंदर कार्यालय अचानक निघायला मनाई करतं, कधी कधी सलग काही दिवस. या महिन्यांत बुकिंग करायचंच तर बंदरबंदी आली तर पैसे परत की फक्त पुढची तारीख, हे लेखी घ्या. आणि मनाई असताना ‘आपण जवळच्या जवळ जाऊन येऊ’ म्हणणारा कप्तान भेटला तर किनाऱ्यावरच थांबा.

परतीच्या दिवशी बोट दुपारी तीन-चारच्या सुमाराला बंदराला लागते, ओढ उलटी असेल तर त्याहून उशिरा. त्या संध्याकाळचं विमान ठेवू नका. लाबुआन बाजोत एक रात्र काढा आणि सकाळी निघा. स्कूबा केलं असेल तर शेवटच्या बुडीनंतर विमानात बसायला 18 तास सोडावे लागतात, त्यामुळे ती रात्र तशीही लागतेच.