‘पॉइंट लॉक करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी, एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर निवड करणाऱ्या सरकारी ऑनलाइन पद्धतीतून प्रयत्न करणाऱ्या, किंवा करू पाहणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. मला ज्या इमिग्रेशन एजंटाने फसवलं, त्याने नियमांविषयी मला बहुतेक वेळा खरंच सांगितलं. बातमी खरी असायची, तारीख खरी असायची, मंत्र्याचं नावही खरं असायचं. मी घरी येऊन तपासायचे आणि सगळं जुळायचं. खोटं असायचं ते पुढचं वाक्य: ‘म्हणून आता तुम्हाला हे करावं लागेल, आणि त्याची फी एवढी.’ नियम सारखे बदलतात, माणूस घाबरलेला असतो, आणि बातमी खरी निघाली की सांगणाराही खरा वाटायला लागतो. त्याचा सगळा धंदा यावर उभा होता.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. एम.टेक. झालेलं, शिकवण्याचा आठ वर्षांचा अनुभव, तेव्हा वय ३३, अर्ज एकटीचाच. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत (जनरल ट्रेनिंग) लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५. हे आकडे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा प्रकार त्या रायटिंगच्या ६.५ भोवती फिरतो.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या भेटीतच त्याने कागदावर हिशेब मांडून दाखवला. ‘मॅडम, १०० पैकी ६७ लागतात, तुमचे ७३ होतात. काम झालंच म्हणून समजा.’ हिशेब बरोबर होता, अर्थ चुकीचा. फेडरल स्किल्ड वर्कर या योजनेसाठी ६७ गुण लागतात ते फक्त पूलमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या यादीत, प्रवेश मिळवायला. पूलमध्ये गेल्यावर दुसरीच मोजणी लागू होते, सीआरएस नावाची, १२०० गुणांची, आणि पीआरचा अर्ज करण्याचं आमंत्रण त्या क्रमवारीवर येतं. त्या मोजणीत माझे ३८९ होत होते. कुठल्याही ठरावीक व्यवसायाच्या किंवा भाषेच्या गटाचा नसलेला सर्वसाधारण ड्रॉ, म्हणजे आमंत्रणांची फेरी, २३ एप्रिल २०२४ ला झाला होता आणि त्याचा कट-ऑफ ५२९ होता. त्यानंतर तसा ड्रॉच निघालेला नव्हता. हे त्याला पक्कं माहीत होतं. मला सांगताना तो म्हणाला, ‘कट-ऑफ आता खाली यायला लागेल.’

प्रोफाइल त्याच्याच ऑफिसात तयार झालं. ई-मेल आयडी त्याने उघडला, पासवर्ड त्याच्याकडे राहिला. ‘क्लायंट मधेच काहीतरी बदलतात आणि प्रोफाइल रद्द होतं’ हे कारण. प्रोफाइल बनवण्याची फी त्याने कॅनेडियन डॉलरमध्ये लावली, म्हणजे ती सरकारी आहे असं वाटावं. एक्स्प्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल बनवायला आयआरसीसी, म्हणजे कॅनडा सरकारचं इमिग्रेशन खातं, एक सेंटही घेत नाही. पैसे लागतात ते आमंत्रण आल्यावर अर्ज भरताना: ३० एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या दरांनुसार प्रौढ अर्जदाराला प्रक्रिया शुल्क ९५० आणि पीआर हक्काचं शुल्क ५७५, मिळून १,५२५ डॉलर. त्याआधी बायोमेट्रिक्सचे किंवा ‘ड्रॉमध्ये नाव टाकण्याचे’ पैसे कोणी मागत असेल, तर ते कॅनडा सरकारकडे जात नाहीत.

मग डिसेंबर आला. १७ डिसेंबर २०२४ ला तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी जाहीर केलं की नोकरीच्या ऑफरचे सीआरएस गुण काढून टाकणार. तोवर बहुतेक कुशल पदांच्या ऑफरला ५० आणि वरिष्ठ व्यवस्थापकांच्या पदांना २०० गुण मिळत. बातमीची लिंक मला त्यानेच पाठवली, आणि दोन दिवसांनी फोन: ‘मॅडम, हा नियम नवीन लोकांसाठी आहे. मार्चच्या आत ऑफर लावली की तुमचे ५० पॉइंट लॉक होतात. मग नियम बदलला तरी ते कोणी काढू शकत नाही.’ त्यासाठी ‘एम्प्लॉयर सर्व्हिस’ म्हणून २,४०० डॉलर. ऑन्टारिओतल्या एका कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र आलं. पगार, पदनाम, सही, सगळं होतं. एलएमआयएचा, म्हणजे परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाला सरकारकडून घ्याव्या लागणाऱ्या मंजुरीचा, नंबर नव्हता, आणि माझ्यासारख्या देशाबाहेरच्या उमेदवाराच्या ऑफरला साधारणपणे त्याशिवाय गुण मिळतच नसत. विचारलं तर ‘तो एम्प्लॉयर थेट सिस्टिममध्ये टाकतो’ असं उत्तर.

पॉइंट लॉक नावाचा प्रकार एक्स्प्रेस एन्ट्रीत नाही. पूलमध्ये असेपर्यंत तुमचे गुण हलते असतात. तिशीत दर वाढदिवसाला वयाचे पाच-सहा गुण जातात. भाषेच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षांनी बाद होतो. प्रोफाइल बारा महिन्यांनी संपतं. आणि नियम बदलला की तो पूलमधल्या सगळ्यांना लागू होतो. २५ मार्च २०२५ ला ऑफरचे गुण निघाले तेव्हा ते आधीपासून पूलमध्ये असलेल्यांचेही निघाले. ज्यांना आमंत्रण मिळालेलं होतं किंवा ज्यांचा अर्ज आधीच दाखल होता, तेवढेच वाचले. शिवाय नोकरीची ऑफर ही उमेदवाराने विकत घ्यायची गोष्टच नाही. एलएमआयएचं शुल्क दर पदामागे १,००० डॉलर असतं, ते मालकाने भरायचं असतं, आणि ते कामगाराकडून वसूल करायला कायद्याने बंदी आहे. बाजारात मात्र ही पत्रं राजरोस विकली जातात. गुण काढून टाकण्यामागे सरकारने दिलेलं कारणही हेच होतं, की या पत्रांचा बाजार बंद व्हावा. म्हणजे ज्या गैरप्रकारामुळे नियम बदलला, तोच गैरप्रकार मला त्या नियमावरचा उपाय म्हणून विकला गेला.

मार्चअखेर मी विचारलं, माझ्या गुणांचं काय? त्याने प्रोफाइलचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर ४४७.

ऑफरचे ५० गेले तर ३८९ उरायला हवेत. ४४७ कुठून आले? ‘भाषेच्या नवीन नियमाचा बोनस’ असं तो म्हणाला. तसा काही नियम मला कुठे सापडेना. आयआरसीसीच्या वेबसाइटवर सीआरएस मोजायचं साधन आहे, कुणालाही फुकट वापरता येतं, लॉगिनही लागत नाही. मी त्यात माझी माहिती भरली: ३८९. मग एकेक रकाना बदलून पाहत गेले. रायटिंगमध्ये ६.५ च्या जागी ७ टाकलं आणि समोर ४४७ आले.

अर्ध्या बँडचे ५८ गुण कसे, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण चांगले शिकलेले लोकही इथे गोंधळतात. सीएलबी ही कॅनडाची भाषेच्या पातळ्यांची मोजपट्टी. रायटिंग ६.५ म्हणजे सीएलबी ८, आणि ७ म्हणजे सीएलबी ९. त्या एका कौशल्याचे गुण २३ वरून ३१ होतात, म्हणजे आठच वाढतात. पण चारही कौशल्यांत सीएलबी ९ झालं की दोन दारं एकदम उघडतात. शिक्षण आणि भाषा यांच्या जोडगुणांत मास्टर्सवाल्याला २५ चे ५० होतात, आणि तीन किंवा जास्त वर्षांचा परदेशी अनुभव आणि भाषा यांच्या जोडगुणांतही २५ चे ५०. आठ अधिक पंचवीस अधिक पंचवीस. कॅनडात काम न केलेल्या माझ्यासारख्या उमेदवारासाठी तो अर्धा बँड नोकरीच्या ऑफरपेक्षा मोठा होता. पहिल्याच दिवशी कोणी एवढं सांगितलं असतं, तर मी ते पैसे आणि तो हिवाळा निबंध लिहिण्याच्या सरावात घातला असता. त्याला हे चांगलं माहीत होतं. माझ्या प्रोफाइलमध्ये नेमका तोच आकडा त्याने बदलला होता.

स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. वरचा भाग कापलेला, म्हणजे प्रोफाइल संपण्याची तारीख दिसू नये. खाली व्यवसायाचा कोड: ४१२२०, माध्यमिक शिक्षक. मी शिकवते पॉलिटेक्निकमध्ये. कॅनडाच्या वर्गीकरणात महाविद्यालयीन आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षकांचा कोड ४१२१० आहे. हा बदलसुद्धा एका खऱ्या बातमीनंतरचा. २७ फेब्रुवारी २०२५ ला गटनिहाय ड्रॉची नवी यादी आली, त्यात शिक्षण हा गट पहिल्यांदा आला आणि वाहतुकीचा गट गेला. त्या शिक्षण गटात शाळेचे शिक्षक आहेत, बालवाडीचे आहेत, शिक्षक-साहाय्यक आहेत. पॉलिटेक्निकचे प्राध्यापक नाहीत. म्हणून त्याने मला शाळेत नेऊन बसवलं, मला न विचारता.

१ मे २०२५ ला त्या गटाचा पहिला ड्रॉ झाला, कट-ऑफ ४७९. माझे खोटे ४४७ त्यालाही पुरले नाहीत, आणि आज मी त्याला माझं नशीब म्हणते. आमंत्रण आलं असतं तर साठ दिवसांत मूळ कागद जोडावे लागले असते. निकालपत्रावर ६.५, प्रोफाइलमध्ये ७. अनुभवाच्या पत्रात पॉलिटेक्निक, प्रोफाइलमध्ये शाळा. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं ४० वं कलम खोट्या माहितीबद्दल आहे. ते लागलं की पाच वर्षं देशात प्रवेश बंद, आणि त्या काळात पीआरसाठी अर्जही करता येत नाही. प्रोफाइल कुणी भरलं हे तिथे विचारात घेत नाहीत. माहिती अर्जदाराच्या नावावर असते.

आणि कागदोपत्री तो माणूस कुठेच नव्हता. ‘तुम्ही प्रतिनिधी नेमला आहे का?’ या प्रश्नाला त्याने माझ्या वतीने ‘नाही’ उत्तर दिलं होतं. पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला देण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच आहे: कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’कडे (ही शिक्षणसंस्था नव्हे, परवाने देणारी नियामक संस्था) परवाना असलेले, म्हणजे आरसीआयसी, तिथल्या प्रांतांच्या लॉ सोसायटीचे सदस्य वकील आणि पॅरालीगल, आणि क्वीबेकचे नोटरी. तुम्ही कॅनडाबाहेर बसला असलात तरी नियम हाच. परवाना विचारल्यावर त्याने एक नंबर दिला. कॉलेजची नोंदवही ऑनलाइन आहे, तिथे नंबर खरा निघाला, पण नाव भलत्याच व्यक्तीचं. नोंदवहीतल्या ई-मेलवर मी त्यांना लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: या माणसाला मी ओळखत नाही, माझा नंबर वापरल्याची ही पहिली तक्रार नाही. तेव्हा नंबर खरा आहे एवढ्यावर थांबू नका. नाव जुळतंय का पाहा, परवाना चालू आहे का पाहा, आणि नोंदवहीत जो संपर्क आहे त्यावरच विचारा, समोरच्याने दिलेल्या फोनवर नको.

मी जाब विचारला तेव्हा तो जराही गडबडला नाही. म्हणाला, इंग्रजी सोडा, आता फ्रेंचचं वारं आहे, परीक्षेला न बसता निकाल आणून देतो. वारं आहे हे खरंच होतं. २१ मार्च २०२५ च्या फ्रेंच गटाच्या ड्रॉमध्ये ७,५०० आमंत्रणं गेली आणि कट-ऑफ ३७९ होता, माझ्या खऱ्या ३८९ पेक्षाही खाली. त्या गटात यायला टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षेत चारही कौशल्यांत सातवी पातळी लागते. मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला ती येऊ शकते, पण वर्ष-दीड वर्ष मान मोडून अभ्यास करावा लागतो. विकत घेतलेला निकाल परीक्षा मंडळाकडून पडताळला जातो. मी बोलणं तिथेच थांबवलं.

पुढे काय केलं ते थोडक्यात सांगते. आयआरसीसीला त्यांच्या वेब फॉर्ममधून लेखी कळवलं की या प्रोफाइलमधली भाषेची आणि व्यवसायाची माहिती मी दिलेली नाही, आणि ते मला काढून घ्यायचं आहे. सोबत निकालपत्र, पावत्या आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं संभाषण जोडलं. कॉलेजकडे विनापरवाना सल्लागाराची तक्रार केली. इथे १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद केली. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, ती त्याच्याकडे नव्हती, तोही मुद्दा तक्रारीत घातला. पैसे परत आलेले नाहीत. पावत्या त्याने कंपनीच्या नावाने दिल्या होत्या आणि पैसे घेतले होते वैयक्तिक खात्यावर, त्यामुळे प्रकरण लांबलं आहे.

परीक्षा मी पुन्हा दिली आणि रायटिंगला ७ आले. नवं प्रोफाइल माझ्या ई-मेलवर आहे, कोड ४१२१० आहे, आणि फ्रेंचचा क्लास सुरू आहे.

तुमचं प्रोफाइल आत्ता दुसऱ्या कोणाच्या हातात असेल, तर फी, कट-ऑफ, पुढचा ड्रॉ यावर बोलण्याआधी लॉगिन मागा. स्क्रीनशॉट नको, लॉगिन. ते हातात आलं की तीन रकाने आपल्या मूळ कागदांशी ताडून पाहा: भाषेच्या चारही कौशल्यांचे गुण आणि परीक्षेची तारीख, व्यवसायाचा कोड, आणि प्रतिनिधीच्या प्रश्नाचं उत्तर. लॉगिन द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता आयआरसीसीला लिहा, कारण आमंत्रण येण्याआधी केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती असते, आणि अर्ज दाखल झाल्यावर सापडलेली तीच गोष्ट ४० व्या कलमात जाते.