बंपरवरचा लाल पट्टा आणि रबिंग कंपाउंड: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत मंडईजवळच्या पार्किंगमध्ये कोणीतरी आमच्या पांढऱ्या गाडीला घासून निघून गेलं. मागच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर चांगला वीतभर लाल पट्टा. गाडी बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, त्यामुळे पोटात कालवलं. गॅरेजवाल्याने लांबूनच बघून सांगितलं, अख्खा बंपर रंगवावा लागेल, साडेचार हजार. विम्यातून करावं तर एवढ्यासाठी ३५ टक्क्यांवर आलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) घालवायचा, वर हजार रुपये खिशातून भरायचेच.

घरी येऊन पट्ट्यावरून नख आडवं फिरवलं. लाल भाग नखाला किंचित उंच लागत होता, नख कुठेच अडकत नव्हतं. म्हणजे आमचा रंग गेला नव्हता, त्यांचा आमच्यावर येऊन बसला होता. हे कळलं आणि निम्मी काळजी मिटली.

हार्डवेअरवाला थिनर देत होता, मी घेतला नाही. आमच्या मजल्यावरच्या काकांनी थिनरने डाग काढला होता, त्यांच्या दारावर तेवढाच गोल अजून निस्तेज दिसतो. मी रबिंग कंपाउंडची, म्हणजे रंगाचा वरचा थर अगदी बारीक घासणाऱ्या पेस्टची, छोटी ट्यूब आणि दोन मायक्रोफायबर फडकी आणली.

आधी शॅम्पूने बंपर स्वच्छ धुतला, कारण धुळीचा एक कण फडक्यात राहिला तरी तोच ओरखडे काढतो. गाडी सावलीत, बंपर गार. ओलसर फडक्यावर वाटाण्याएवढं कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला फडकं गुलाबी झालं! मग दर वेळी फडक्याची कोरी बाजू, पुसायचं, बघायचं, परत थोडं. चाळीस मिनिटांत पट्टा गेला. मशीन मुद्दाम वापरलं नाही. बंपर प्लास्टिकचा, पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, एका जागी पटकन तापतो आणि रंग खराब होतो.

चूक झाली ती शेवटी. कोपऱ्याच्या कडेवर लाल रेघ उरली होती, ती जाईना म्हणून जोर लावला. कडेवरचा थर घासताना लवकर झिजतो. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, सगळा मिळून साधारण ४०-५० मायक्रॉन, एकदा झिजला की परत येत नाही. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बघितलं तर बोटभर जागा धुरकट. ती आजही तशीच आहे. पुसटशी रेघ राहिली असती तरी चाललं असतं, एवढं मला तेव्हा कळायला हवं होतं.

दुसरा त्रास खालच्या काळ्या, खरखरीत प्लास्टिकचा. कंपाउंड त्याच्या दाण्यांत जाऊन पांढरं वाळलं. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन तीन रविवार घालवले. आता काम करण्याआधी तिथे मास्किंग टेप लावतो.

घासलेल्या जागेवर त्याच दिवशी वॅक्स लावलं, नंतर दर दोन-तीन महिन्यांनी लावत आलो. अख्खा पावसाळा गाडी उघड्यावर होती. वॅक्स आहे तिथे पाण्याचे थेंब गोल होऊन ओघळतात, लाल पट्ट्याची जागा आता दाखवल्याशिवाय कुणाला सापडत नाही. पिवळेपणा नाही, पापुद्रे नाहीत.

जूनमध्ये सोसायटीच्या खांबाचा पिवळा ऑइल पेंट उजव्या बाजूला लागला. तो जाड होता, म्हणून आधी डब्ल्यूडी-४० हा तेलकट स्प्रे मारून पाच मिनिटं भिजू दिला, मग कंपाउंड. पिवळं सगळं निघालं, पण खाली एक चर होती, नख अडकणारी, तळाशी काळं प्लास्टिक दिसणारी. तिथे कंपाउंडचा काही उपयोग नाही, रंगच भरावा लागतो. प्लास्टिकला गंज चढत नाही, म्हणून घाई केली नाही. दसऱ्याला गाडी धुतली तेव्हा टच-अप पेनने भरून घेतली.

घेणार असाल तर छोटीच ट्यूब घ्या. दोन मोठे डाग काढून माझी अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे.